दादांच्या नावचा पास

आईला कॅन्सर आहे असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला त्या शब्दापेक्षा त्यांच्या पुढच्या वाक्याचीच जास्त धास्ती वाटली. "आता घरी न्या आणि त्यांना दुखणार नाही एवढं बघा," असं ते म्हणाले. दुखणार नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायची, टोपी हातात घेऊन नुसते उभे राहिले. तुळजापुरातल्या एका शाळेचे ते हेडमास्तर. शाळेत त्यांचा आवाज दोन वर्ग ओलांडून जायचा, पण तिथं त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मीही चुलीपुढं कितीही तोंड चालवलं तरी डॉक्टरपुढं दातखीळ बसणाऱ्यांतलीच. तेव्हा वीस वर्षांची होते, जळकोटला दिलेली, आणि आईचं करायला म्हणून महिन्याच्या बोलीवर माहेरी आलेली.

गाठ गर्भाशयाची होती. हे घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. भेटायला येणाऱ्यांना आम्ही "पोटाचं दुखणं आहे" एवढंच सांगायचो.

कळ आली की आई ओरडायची नाही, ती भराभर बोलायला लागायची. भाजीत मीठ घातलंस का, गायीला पाणी दाखवलंस का, दादांचं धोतर वाळलं का. मी उत्तर देईपर्यंत पुढचा प्रश्न यायचा. मग एखादं वाक्य मधेच तुटायचं आणि ती बाजल्याच्या लाकडाला गच्च धरायची. ते तुटलेलं वाक्य ऐकलं की माझ्या हातातली भाकरी थापायची राहून जायची. अजूनही कुणी उगाच भरभर बोलायला लागलं की मी त्यांच्या हातांकडं बघते.

गावातल्या डॉक्टरांच्या पुड्यांनी सुरुवातीला थोडा आराम पडला, मग पडेनासा झाला. सुईनं गुण येईल, पण ती सुई उस्मानाबादच्या मोठ्या दवाखान्यातच मिळते, असं कळल्यावर आम्ही तिला मोटारीनं एकदा नेलं. त्या रस्त्यावर खड्डे किती आहेत ते मला त्या दिवशी कळलं. आईनं जाताना पदर दातांत धरला होता. येताना सुईनं तिचा डोळा लागला, पण निम्म्या वाटेतच गुण उतरला आणि तिनं पुन्हा पदर दातांत धरला. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता मला कुठंही नेऊ नका."

मग एका संध्याकाळी डॉक्टर दादांना अंगणात घेऊन गेले. मी दारामागं उभी राहून ऐकलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, आता अफूशिवाय इलाज नाही."

अफू काही दुर्मीळ वस्तू नव्हती. निजामाच्या राज्यात अफूचं दुकान उघड चालायचं आणि बायका तान्ह्या पोरांना झोपवायलासुद्धा चिमूटभर द्यायच्या. आता मात्र आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला होता, नशाबंदीचे नियम आले होते, आणि दुकान होतं ते फक्त जुन्या सवयीच्या लोकांसाठी. ज्याला अफूवाचून राहवत नाही, त्यानं जिल्ह्याला साहेबापुढं स्वतः हजर व्हायचं, डॉक्टरचा दाखला द्यायचा, व्यसनी म्हणून नाव नोंदवायचं. मग त्याला पास मिळायचा आणि पासावर आठवड्याची ठरलेली अफू. आई हजर होऊ शकत नव्हती. आणि दुसरीही एक अडचण होती, ती पहिलीपेक्षा मोठी.

आईचा थोरला भाऊ अफूनंच गेला होता. शहाणासुरता माणूस, माकणीकडं चांगली शेती होती. शेवटी शेवटी तो पोरांपुढची ताटंसुद्धा उचलून विकायचा, असं आई सांगायची. आमच्या घरात त्याचं नाव निघत नसे. खसखशीची खीरसुद्धा आई करायची नाही. तिला अफूची गोळी देतो असं सांगितलं असतं तर तिनं तोंड मिटून घेतलं असतं, हे दादांना माहीत होतं आणि मलाही.

डॉक्टरांचा दाखला घेऊन दादा उस्मानाबादला गेले आणि स्वतःचं नाव नोंदवून आले. दमा आहे, पंधरा वर्षांपासून सवय आहे, असं त्यांनी साहेबाला सांगितलं. चहासुद्धा न पिणारा माणूस. परत आल्यावर त्यांनी मला पास दाखवला. त्यावर त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा, आणि खाली "व्यसनाधीन" असा शिक्का होता. मी तो वाचला आणि मला रडू येण्याऐवजी राग आला. कुणाचा, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

"आईला सांगायचं, वैद्याची गोळी आहे," दादा म्हणाले. "आणि ही गोष्ट तुझ्या-माझ्यात."

दुकान मंगळवारी आणि शनिवारी उघडायचं. दादांची पाळी मंगळवारची होती. त्या दिवशी चुकली तर शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत घ्यायची, नाहीतर त्या आठवड्याचा वाटा बुडाला. मंगळवार देवीचा वार, सगळा गाव रस्त्यावर, यात्रेकरूंची दाटी. त्यातून वाट काढत दादा मधल्या सुट्टीत दुकानापुढच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. पुढं-मागं खोल गेलेल्या डोळ्यांची म्हातारी माणसं, मधे कोट घातलेले हेडमास्तर. कुणी नमस्कार केला तर तेही नमस्कार करायचे. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, मी एकदा कुंकवाच्या दुकानाच्या आडून बघितलं होतं.

घरी आणलेल्या त्या काळ्या वडीच्या मी गोळ्या वळायची. गूळ, सुंठ, वास झाकायला हिंग. हिंगाच्याच रिकाम्या डबीत त्या ठेवायची आणि तीनदा हात धुवायची. पहिली गोळी घेतल्यावर आई दुपारभर झोपली. उठून म्हणाली, "वैद्य हुशार दिसतो गं." दुसऱ्या दिवशी तिनं ताकभात मागितला, आणि आठवडाभरात माझ्याकडून वेणी घालून घेतली. वेणी घालताना ती अगदी सावकाश, पूर्ण वाक्यात बोलत होती. मी तिच्यामागं बसून डोळे पुसत होते.

पण मला चैन नव्हतं. डबीत किती गोळ्या उरल्या, मंगळवारपर्यंत पुरतील का, आईला वास तर येत नाही ना, हेच दिवसभर डोक्यात. दाराची कडी वाजली की मी आधी डबी लपवायची. जळकोटहून नवऱ्याची पत्रं यायची, महिना उलटून गेला, कधी येतेस. एका पत्रात सासूबाईंनी लिहायला लावलं होतं की तुळजापूरकडून काही भलतंच कानावर येतंय, खरं काय ते कळव. मी ते पत्र चुलीत घातलं. त्याच सुमारास शाळेच्या वरिष्ठांकडून दादांना लेखी विचारणा आली, आपल्या वर्तनाबद्दल तक्रार आहे, खुलासा करावा. दादांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि खुलासा काही लिहिला नाही. लिहिला असता तर खोटा दाखला दिला म्हणून डॉक्टर अडकले असते आणि पासही गेला असता.

आईला बातमी शेजारच्या काकूंनी दिली. त्या मनानं वाईट नव्हत्या. रोज येऊन आईचे पाय चेपायच्या. मी पाणी भरून आले तेव्हा त्या निघत होत्या, आणि उंबऱ्यात मला हळूच म्हणाल्या, "गुरुजींचं लई वाईट वाटतंय बघ. बायकोच्या दुखण्यानं माणूस असा वाया गेला. म्या तुझ्या आईला म्हनलं, आता तूच काय ते समजाव."

मी घागर उंबऱ्यातच टेकवली आणि आत गेले.

आईनं लगेच काही विचारलं नाही. दोन दिवस ती दादांना न्याहाळत राहिली. तिच्या उशाशी जागून जागून त्यांचे डोळे लाल झाले होते, पेपर वाचता वाचता त्यांची मान कलायची, जेवण तुटलं होतं. ती जे शोधत होती ते सगळं तिला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिच्या भावाच्या तोंडावरही तेच दिसलं असणार. सोमवारी सकाळी मी तिचं अंग पुसत होते तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"खरं सांग. हे अफू घेतात?"

नाही म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग दुकानात कशाला जातात. खरं सांगितलं असतं तर गोळ्या बंद झाल्या असत्या. हा सगळा विचार मी तेव्हा केला असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. मी म्हणाले, "थोडीशी घेतात. झोप लागावी म्हणून."

आईनं माझं मनगट सोडलं. तिनं दादांना दोष दिला नाही. "माझ्यामुळं झालं," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

दादा शाळेतून आले तसं तिनं त्यांना बाजल्याजवळ बोलावलं. त्यांचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुम्हाला. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही. म्हणा."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी कशावर तरी झाकण ठेवायला वळले. मला वाटलं, आता ते सांगतील. ते म्हणाले, "नाही चढणार."

आमच्याकडं अशी शपथ गमतीची गोष्ट नव्हती. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, ती मोडली की त्याच्या जिवावर बेतते, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्यातून बाहेर पडायची वाट एकच. ज्यानं घातली त्यानंच आपल्या तोंडानं "सुटली" म्हणायचं. खेळताना पोरं घडीघडीला शपथा घालतात आणि लगेच "सुटली" म्हणून मोकळी होतात, पण मोठ्या माणसांत तसं नसतं. ज्या माणसाचा जीव आधीच टांगणीला लागलेला, त्याची शपथ मोडायची हिंमत आमच्या घरात कुणाची होती?

मंगळवारी दादा मधल्या सुट्टीत सरळ घरी आले आणि माजघरात बसून राहिले. डबीत बुधवार संध्याकाळपर्यंत पुरतील एवढ्याच गोळ्या होत्या. मी पास घेऊन स्वतः दुकानात गेले, डोक्यावरून पदर ओढून. दुकानदार वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, दादांना ओळखत होते. पास उलटसुलट करून त्यांनी परत दिला.

"बेटी, ज्याचा पास त्यालाच माल. अंगठा नाहीतर सही इथंच व्हायला पाहिजे. म्या दिलं तर माझं दुकान जातंय."

"ते आजारी आहेत," मी म्हणाले.

"मग शनवारी येऊ दे. शनवारी सांजच्याला बंद करतो. त्याच्यापुढं माझ्या हाती काय न्हाय."

मी घरी येऊन उरलेल्या गोळ्या मोडल्या, त्यात आणखी गूळ घातला आणि बारीक गोळ्या वळल्या. त्या बुधवारच्या जागी गुरुवारपर्यंत गेल्या. पण आईला फरक कळला. गुरुवारी दुपारी ती पुन्हा भराभर बोलायला लागली. वेणी सुटलीय का बघ, ताक आंबलं का, दारात कोण आहे, दादा कुठं गेले, दुकानात तर… तिथंच ते वाक्य तुटलं.

मला सोसवेना. मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. वैद्य कुणी नाही, गोळी अफूची आहे, पास दादांच्या नावचा आहे पण त्यांनी ती जिभेलाही लावलेली नाही, आणि मी तुला खोटं बोलले.

आईनं बाजल्याचं लाकूड धरलं. कळ होतीच, ती ओठ चावत होती. मग म्हणाली, "लोक त्यांना व्यसनी म्हणतात. माझ्यासाठी."

"तू सुटली म्हण. शनिवारी दुकान उघडलं की ते जातील."

"नाही म्हणणार. मी आज आहे, उद्या नाही. त्यांना ह्या गावात राहायचंय." आणि तिनं उशाशी ठेवलेली, रिकामी होत आलेली डबी बाजल्याखाली सरकवली.

दादांना मी हे त्याच संध्याकाळी सांगितलं. शुक्रवार असाच गेला. त्या दिवसाचं मी जास्त लिहू शकत नाही. डॉक्टर येऊन गेले, पुडी देऊन गेले. काकू पाय चेपायला आल्या तर आईनं पायाला हात लावू दिला नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे आईचं बोलणं थांबलं. प्रश्न नाहीत, काही नाही, नुसता श्वास, आणि मी त्या श्वासाला कान लावून बसलेली. दादा देवापुढं बसून होते. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, उद्या तरी मोडा ती शपथ, मी भोगीन. पण तोंडानं म्हटलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. दादा दुपारी आले आणि बाजल्याशेजारी जमिनीवर बसले. उन्हं कलायला लागली. भिंतीवरची सावली सरकत होती आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडं. दुकान बंद व्हायला तास उरला असेल, नसेल. आईनं एकदम दादांची बाही धरून ओढली. डोळे ताठ झालेले, ओठांना रक्त आलेलं.

"सुटली," ती म्हणाली. "सुटली, सुटली, सुटली. जा."

शेजारच्या आळीतलं कुणी पोर म्हणेल तसं ती ते म्हणत राहिली, दादा दाराबाहेर पडले तरी म्हणत राहिली. मी पहिल्यांदाच दादांना पळताना बघितलं. टोपी घरातच राहिली होती.

ते अफू घेऊन आले. मी गूळ नाही, सुंठ नाही, तशीच गोळी करून आईच्या जिभेवर ठेवली. ती कडू लागली असणार, पण तिनं तोंड वाकडं केलं नाही. अंधार पडताना तिचा हात बाजल्याच्या लाकडावरून सैल झाला. दादा अजून तिथंच बसले होते, उघड्या डोक्यानं. आईनं डोळे उघडले, त्यांना बघितलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

"मला नाही राहवलं," ती पदराआडून म्हणाली. "तुमचं नाव राखायचं होतं. नाही जमलं. माफ करा."

दादांनी तो पदर हळूच बाजूला केला. "तू कशाची माफी मागतेस?" ते म्हणाले. "शपथ घातलीस तेव्हाच मी खरं सांगायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं होतं. त्या रांगेत आता उभं राहायला नको, म्हणून बरं वाटलं होतं. तुझ्या शपथेआड मी लपून बसलो. तीन दिवस तू सोसलंस ते माझ्या नावासाठी, आणि मी सोसू दिलं."

आईनं त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच धरून झोपली.

मी चुलीपाशी होते. दादा बोलले ते मला लागलं, कारण तेच माझंही होतं. आईनं विचारलं तेव्हा गोळ्या चालू राहाव्यात म्हणून मी खोटं बोलले हे खरं, पण सासरी बातमी गेलीच आहे तर ती बापाच्या नावावर जाऊ दे, खोटा पास आणि खोटा दाखला आपल्या घरात आहे हे बाहेर पडायला नको, असंही त्या क्षणी मनात येऊन गेलं होतं. शुक्रवारी तोंड उघडलं नाही तेही दादा पुन्हा रांगेत दिसतील आणि सासरी आणखी बोभाटा होईल या भीतीपोटी. दादांनी आपलं बोलून टाकलं. मी त्या दिवशीही बोलले नाही.

आई त्यानंतर अडीच महिने होती. अफू कधी कमी पडली नाही. मी जळकोटला कळवून टाकलं की आईचं होईपर्यंत येणार नाही, काय समजायचं ते समजा. आणि पुढच्या मंगळवारपासून दादांबरोबर दुकानापुढच्या रांगेत मीही जाऊन उभी राहायला लागले, पदर डोक्यावरून न ओढता. लोक बघायचे. बघायला आमची हरकत नव्हती. पण गुरुवार ते शनिवार आईनं जे सोसलं, ते काही आम्हाला तिच्या अंगावरून काढून घेता आलं नाही.